शब्द सगळ्यांचा, पत्ता एकाचा

डोमेन नाव विकणाऱ्या रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर एखादा शब्द टाकला, की तिथे एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते: हे नाव आधी कोणी घेतले आहे का? घेतले नसेल, तर वर्षाचे शुल्क आधी भरेल त्याच्या नावावर ते लागते. त्या शब्दावर कोणाचा ट्रेडमार्क आहे का, कोणी तो वर्षानुवर्षे धंद्यात वापरून नावारूपाला आणला आहे का, याची चौकशी रजिस्ट्रार करत नाही. ते त्याचे काम नाही. उलट नोंदणीच्या करारातच ग्राहकाकडून वदवून घेतलेले असते, की आपल्या माहितीप्रमाणे या नावामुळे दुसऱ्या कोणाच्या हक्काला बाध येत नाही. 'मान्य आहे' या चौकोनावर टिचकी मारताना ते कलम सहसा वाचले जात नाही. वाद उभा राहिला, की सगळ्यात आधी तेच पुढे येते.

ट्रेडमार्कची व्यवस्था वेगळ्या पायावर उभी आहे. तिथे माल आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत, आणि एकच शब्द साबणासाठी एकाचा, सायकलसाठी दुसऱ्याचा आणि वह्यांसाठी तिसऱ्याचा असू शकतो. गिऱ्हाइकाची गल्लत होत नाही तोवर तिघेही सुखाने नांदतात. डोमेनच्या जगात ही सोय नाही. डॉट कॉमच्या आधी तो शब्द जगात एकालाच मिळतो. साबणवाला, सायकलवाला आणि वहीवाला तिघेही एकाच दारावर येऊन उभे राहतात, तेव्हा दार ज्याच्या ताब्यात आहे त्याला आपण ते का घेतले हे सांगावे लागते.

सामान्य शब्दांच्या डोमेनला किंमत येते ती त्यांच्या साधेपणामुळे. विमा हवा असलेला माणूस 'विमा' हाच शब्द शोधणार. मग तोच शब्द पत्ता असेल तर जाहिरातीचा अर्धा खर्च वाचला. इन्शुरन्स डॉट कॉम हे इंग्रजीतल्या विम्याच्या शब्दाचे नाव 2010 मध्ये 3 कोटी 56 लाख डॉलरना विकले गेले. अशा व्यवहारांच्या बातम्या वाचून अनेक जण शब्दकोशातले शब्द नोंदवायला बसतात, आणि त्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो: हा तर बोलीतला शब्द, यावर मालकी कोण सांगणार? हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. सगळे धोके उरलेल्या अर्ध्यात आहेत.

'सामान्य' हा शब्दाच्या अंगचा गुण नाही. शब्द आणि त्याखाली विकली जाणारी वस्तू यांच्यातले ते नाते आहे. सफरचंद विकणाऱ्याला 'सफरचंद' या शब्दावर मक्तेदारी मिळू शकत नाही, कारण बाजारातल्या प्रत्येक फळवाल्याला तो लागतो. त्याच फळाचे इंग्रजी नाव संगणकावर लावले, की ते जगातल्या सर्वांत बळकट ट्रेडमार्कपैकी एक होते, कारण संगणकाचे वर्णन करायला फळाचे नाव कोणालाच लागत नाही. भारताच्या 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम 9 याच विचारावर बेतलेले आहे. मालाचा प्रकार, दर्जा, प्रमाण, उपयोग, किंमत किंवा उगमस्थान सांगणारी, तसेच व्यापारात रुळलेली चिन्हे नोंदवायला ते नकार देते. मात्र एक वाट ते उघडी ठेवते. अर्जाच्या तारखेआधी दीर्घ वापराने त्या चिन्हाला स्वतंत्र ओळख मिळाली असेल, म्हणजे शब्द ऐकताच लोकांच्या मनात वस्तूऐवजी विशिष्ट व्यापारी येत असेल, तर नोंदणी होऊ शकते. कायद्याच्या भाषेत याला दुय्यम अर्थ म्हणतात, आणि सामान्य शब्दांचे बहुतेक खटले याच उघड्या वाटेवर लढले जातात.

काही शब्दांच्या बाबतीत तर फसगत बोलीतूनच होते. महाराष्ट्रात कागदाची प्रत काढणे म्हणजे 'झेरॉक्स' काढणे, माती उकरणारे कोणतेही यंत्र म्हणजे 'जेसीबी', आणि वनस्पती तूप म्हणजे 'डालडा'. बोलणाऱ्याला हे साधे नाम वाटते. प्रत्यक्षात तिन्ही ट्रेडमार्क म्हणून जन्मलेली नावे आहेत, आणि लोक ती सरसकट वापरतात एवढ्याने मालकाचा हक्क आपोआप संपत नाही. भाड्याने यंत्रे देणाऱ्याने गावाचे नाव आणि जेसीबी जोडून डोमेन घेतले, तर त्याला ते वर्णन वाटेल. कंपनीच्या वकिलाला ते उल्लंघन वाटेल. तोंडात रुळलेला शब्द कायद्यातही मोकळा झाला आहे का, हे वेगळे तपासावेच लागते.

भारतात डोमेन नावांसाठी स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात ती उणीव भरून काढली. डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, व्यापाऱ्याची ओळख सांगणाऱ्या चिन्हाची सगळी लक्षणे त्यात असू शकतात, म्हणून दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचे तत्त्व त्याला लागू होते, असे न्यायालयाने ठरवले. इंग्रजीत 'पासिंग ऑफ' म्हणतात ते हेच तत्त्व. त्याची मेख अशी, की त्यासाठी ट्रेडमार्क नोंदवलेला असण्याचीही गरज नसते. बाजारातला नावलौकिक पुरतो. पण त्या खटल्यातले 'सिफी' हे नाव घडवलेले होते, शब्दकोशातले नव्हते. सामान्य शब्दाचे काय, हा प्रश्न उच्च न्यायालयांपुढे आला.

या प्रश्नाचे दोन्ही पैलू एकाच कंपनीच्या दोन खटल्यांत दिसतात. शादी डॉट कॉम चालवणारी पीपल इंटरॅक्टिव्ह ही कंपनी 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेली. समोरच्याने 'शादी ही शादी' असे डोमेन घेऊन लग्न जुळवण्याचे संकेतस्थळ काढले होते. हिंदी येणाऱ्या कोणालाही 'शादी' हा शब्द लग्नाच्या धंद्यात सामान्यच वाटेल. तरीही न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मनाई हुकूम दिला. शादी डॉट कॉम या नावाने दुय्यम अर्थ कमावला आहे, हे एक कारण होते. दुसरे कारण संकेतस्थळाच्या पोटात होते. वाचकाला न दिसणाऱ्या, पण शोधयंत्राला वाचता येणाऱ्या मजकुरात प्रतिवादीने वादीचे आख्खे नावच पेरले होते. शादी डॉट कॉम शोधणारा माणूस आपल्या दारात यावा, एवढाच त्या पेरणीचा हेतू असू शकतो.

दोन वर्षांनी तीच कंपनी, तेच न्यायालय आणि तेच न्यायमूर्ती. या वेळी समोर 'सेकंड शादी' हे डोमेन होते. घटस्फोटित आणि विधवा-विधुरांची पुन्हा लग्ने जुळवणारी सेवा. 2016 च्या या आदेशात मनाई हुकूम नाकारला गेला. 'शादी' हा शब्द ज्या सेवेचे वर्णन करतो त्याच सेवेसाठी तो वापरला जात आहे. अशा शब्दाभोवती कुंपण घालायचे, तर त्याचा मूळ अर्थ मागे पडून तो केवळ एकाच व्यापाऱ्याचा निदर्शक झाला आहे हे भक्कम पुराव्याने दाखवावे लागते, आणि तो पुरावा न्यायालयाला दिसला नाही. दोन आदेश शेजारी ठेवून वाचले तर वरवर विसंगती वाटते, पण त्यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. पहिल्याने शब्दाआडून दुसऱ्याचे नाव वापरले होते. दुसऱ्याने शब्द त्याच्या अर्थाने वापरला: दुसरे लग्न म्हणजे दुसरे लग्न. सामान्य शब्दाचे स्वातंत्र्य अर्थाला चिकटून असते. अर्थ सोडून दुसऱ्याच्या नावलौकिकावर हात ठेवला, की ते निसटते.

नोकरीच्या बाजारातही हेच घडले होते. नौकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजने 2002 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. प्रतिवादीने घेतलेल्या नावात रोमन स्पेलिंगमधल्या 'के' आणि 'आर'च्या मध्ये एक 'ए' जास्त होता, बाकी सारे तेच. त्याचे स्वतःचे नोकऱ्यांचे संकेतस्थळ वेगळ्याच नावाने चालू होते, आणि हे जादा अक्षराचे डोमेन लोकांना तिकडे वळवण्यासाठी घेतलेले होते. नौकरी हा सामान्य शब्द आहे, हा त्याचा बचाव टिकला नाही. घाईत टंकताना होणारी चूक पकडण्यासाठी जाळे लावले आहे, असे न्यायालयाला दिसले. भारतीय भाषांतले शब्द रोमन लिपीत लिहिताना ही अडचण कायमचीच आहे. 'लग्न' हा शब्द शेवटी 'ए' लावून किंवा न लावता लिहिता येतो, आणि दोन्ही बरोबर वाटतात. एखाद्याने प्रामाणिकपणे घेतलेले स्पेलिंग दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाचे चुकलेले स्पेलिंग ठरू शकते.

याउलट, सामान्य शब्द घेऊन मोठ्या झालेल्या कंपन्यांनाही न्यायालयाने रिकाम्या हाताने परत पाठवले आहे. बुकमायशोच्या मालक कंपनीने 'बुकमायस्पोर्ट्स' या नावाला हरकत घेतली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 2017 मध्ये 'बुकमाय' हा भाग वर्णनात्मक ठरवून मनाई नाकारली. 2020 मध्ये 'दिल्लीव्हरी'ची पाळी आली. रोमन स्पेलिंगमध्ये दिल्लीचे नाव गुंफलेला हा शब्द कागदावर वेगळा दिसतो, पण उच्चारला की 'डिलिव्हरी' हाच शब्द कानावर पडतो, आणि तो त्या सेवेचाच सामान्य शब्द आहे, असे सांगत न्यायालयाने आधीचा मनाई हुकूम उठवला. स्पेलिंगमध्ये गंमत केली की सामान्य शब्द आपला होतो, ही समजूत नवउद्योजकांत फार पसरलेली आहे. कायदा डोळ्यांइतकाच कानांनीही वाचतो.

म्हणजे धोका एकाच बाजूचा नाही. सामान्य शब्दाचे डोमेन घेणाऱ्यावर खटला होऊ शकतो हे खरे. पण त्याच नावावर दहा वर्षे पैसा ओतूनही शेजाऱ्याला थांबवता न येणे, हा दुसरा आणि अधिक सामान्य धोका आहे. अनेक व्यापारी त्यावर उपाय म्हणून शब्दाला चित्राची जोड देऊन बोधचिन्ह नोंदवतात आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावतात. ट्रेडमार्क कायद्याचे कलम 17 मात्र स्पष्ट आहे: संपूर्ण चिन्हाची नोंदणी झाली म्हणून त्यातल्या सामान्य भागावर वेगळा हक्क मिळत नाही. प्रमाणपत्र चित्राचे असते. शब्द होता तिथेच, सगळ्यांचा राहतो. कलम 30 आणि 35 प्रतिस्पर्ध्याला त्याच्या मालाचे प्रामाणिक वर्णन करण्याची मुभाही देतात.

अमेरिकेत हा प्रश्न थेट डॉट कॉमवर येऊन ठेपला. मूळच्या डच बुकिंग डॉट कॉम कंपनीला तिथल्या ट्रेडमार्क कार्यालयाने नोंदणी नाकारली होती. कार्यालयाचे म्हणणे असे, की 'बुकिंग' सामान्य आहे आणि 'डॉट कॉम' जोडणे म्हणजे नावापुढे 'कंपनी' लिहिण्यासारखे आहे. त्याने सामान्य शब्द विशेष होत नाही. त्यामागे 1888 च्या गुडइयर निकालाचा आधार होता. 2009 मध्ये हॉटेल्स डॉट कॉमला याच कारणाने नकार मिळाला होता. बुकिंग डॉट कॉमची सुनावणी मे 2020 मध्ये, करोनाच्या साथीत, सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरून घेतली. त्या न्यायालयाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. जून अखेरीस आठ विरुद्ध एक अशा बहुमताने कंपनी जिंकली. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निकालपत्र लिहिले. त्यांचा मुद्दा असा, की एका वेळी एका डोमेनचा धारक एकच असतो हे लोकांना ठाऊक असते, म्हणून असे नाव एकाच व्यापाऱ्याकडे बोट दाखवू शकते. ते तसे दाखवते का, हे लोकांच्या मनावरून ठरवायचे, ठोक नियमाने नाही. कंपनीने पुढे केलेल्या पाहणीत 74.8 टक्के लोकांनी ते ब्रँडचे नाव असल्याचे सांगितले होते. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी एकट्याने विरोध नोंदवला. अशाने रोजच्या वापरातले शब्द चांगले डोमेन हाती लागलेल्यांच्या मुठीत जातील, ही त्यांची भीती होती.

या निकालाचा अर्थ अनेकांनी भलताच लावला. बुकिंग डॉट कॉमने न्यायालयापुढे स्वतःच मान्य केले होते, की असा ट्रेडमार्क दुबळा असतो आणि जवळपासच्या नावांनी त्याचे उल्लंघन झाले असे दाखवणे अवघड जाते. नाव नोंदले गेले, 'बुकिंग' हा शब्द मोकळाच राहिला. शिवाय हा निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही.

न्यायालयाबाहेर डोमेनचे वाद मिटवणारी यंत्रणा अधिक झटपट चालते, आणि सामान्य शब्द धरून बसलेल्यांची खरी परीक्षा तिथे होते. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅन या संस्थेचे 1999 चे एकसमान धोरण आहे. जिनिव्हातल्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे केंद्र त्याखाली लवाद नेमते. एकसदस्यीय मंडळाकडून एक ते पाच नावांचा निकाल घ्यायला 1500 डॉलर शुल्क पडते. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: डोमेन त्याच्या ट्रेडमार्कशी तंतोतंत किंवा घोटाळा होईल इतके जुळते, धारकाला त्या नावावर कायदेशीर हितसंबंध नाही, आणि नाव वाईट हेतूने नोंदवले असून वाईट हेतूनेच वापरले जात आहे. सामान्य शब्द असला तरी पहिली पायरी तक्रारदार सहज ओलांडतो. लढाई दुसरीवर होते.

या दुसऱ्या पायरीचा अर्थ संघटनेच्या मार्गदर्शिकेत 'ऑरेंज' या शब्दावरून समजावला आहे. त्या नावाच्या संकेतस्थळावर संत्र्याची किंवा नारिंगी रंगाची माहिती असेल, तर धारकाचा हितसंबंध मान्य होतो. तिथे त्याच नावाच्या कंपनीला लक्ष्य करणारा माल असेल, तर तोच शब्द त्याला वाचवत नाही. धारकाने शब्दकोश दाखवून भागत नाही. शब्दाचा अर्थ संकेतस्थळावर दिसावा लागतो.

इथेच नुसत्या पडून राहिलेल्या डोमेनचा धोका येतो. समजा एखाद्याने फळाचे नाव घेतले आणि संकेतस्थळ नंतर करू म्हणून ते तसेच सोडले. अशा पानावर रजिस्ट्रार किंवा जाहिरातसंस्था आपोआप जाहिराती लावतात. फळाच्या नावाखाली रोपे आणि खते दिसली तर बिघडत नाही. मोबाइलची वेष्टने आणि चार्जर दिसू लागले, तर ते फोनच्या कंपनीच्या नावावर पैसे कमावणे ठरते, आणि जाहिराती आपण निवडल्या नव्हत्या ही सबब सहसा ऐकली जात नाही. पानाची जबाबदारी धारकाची असते. त्यात धारकाने नाव विकत घेण्याचा देकार कंपनीला स्वतःहून पाठवला असेल, तर वाईट हेतूचा पुरावा त्यानेच लिहून दिल्यासारखे होते.

डॉट इन नावांसाठी निक्सी या संस्थेचे वेगळे धोरण आहे, आणि त्यात एका शब्दाचा फरक आहे. आयकॅनच्या धोरणात वाईट हेतूने नोंदणी 'आणि' वापर दोन्ही लागतात. भारतीय धोरणात नोंदणी 'किंवा' वापर यांपैकी एक पुरते. शब्द निष्पापपणे घेतला, पुढे त्या नावाची कंपनी मोठी झाली आणि धारकाने तिच्या गिऱ्हाइकांना ओढायला सुरुवात केली, तर डॉट कॉमवर जो बचाव चालला असता तो डॉट इनवर चालेलच असे नाही. जुने डोमेन दुसऱ्याकडून विकत घेणाऱ्यांनीही तारखेकडे लक्ष द्यायला हवे. हेतू तपासताना लवाद मूळ नोंदणीची तारीख धरत नाहीत; आताच्या धारकाच्या हाती नाव आले ती तारीख धरतात. 1998 चे नाव 2024 मध्ये घेतले, तर घेणाऱ्याला 2024 पर्यंतचे सगळे ट्रेडमार्क ठाऊक असायला हवे होते का, असा प्रश्न विचारला जातो.

मराठी मुलखातल्या व्यापाऱ्याला आणखी एक कुंपण पाहावे लागते. हापूस, पैठणी, कोल्हापुरी चप्पल हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत, पण त्यांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. हापूसला ते 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी मिळाले. त्या शब्दाचे डोमेन घेऊन बागायतदाराने स्वतःचा आंबा विकणे वेगळे, आणि परराज्यातला आंबा त्याच नावाखाली खपवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात भौगोलिक निर्देशांकाच्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते. गंमत अशी, की डोमेनच्या लवादापुढे हे हत्यार बोथट ठरते, कारण तिथे ट्रेडमार्कच लागतो. 2011 मध्ये शॅम्पेन उत्पादकांच्या संस्थेने 'शॅम्पेन' हे डॉट सीओ डोमेन मागितले, तेव्हा निर्देशांक म्हणजे ट्रेडमार्क नव्हे, असे सांगून तक्रार फेटाळली गेली. देवनागरीत डॉट भारत ही नावे 2014 पासून मिळतात, मराठीसुद्धा त्यांत आहे. पण लिपी बदलली म्हणून शब्दावरचा जुना हक्क पुसला जात नाही. उच्चार आणि अर्थ दोन्ही तपासले जातात.

म्हणून नोंदणीआधीचा शोध रजिस्ट्रारच्या पानावर संपवून चालत नाही. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनाशुल्क शोध घेता येतो. तिथे वर्ग निवडावा लागतो: नोकऱ्या मिळवून देण्याची सेवा 35 व्या वर्गात, प्रवास 39 व्यात, हॉटेलांचे आरक्षण 43 व्यात, लग्न जुळवणे 45 व्यात. नुसता नेमका शब्द न शोधता उच्चारसाम्याचा पर्यायही वापरायचा, कारण 'दिल्लीव्हरी'सारखे प्रकार तिथेच सापडतात. सापडलेल्या प्रत्येक नोंदीत चिन्ह शब्दाचे आहे की बोधचिन्हाचे, नोंदले गेले आहे की हरकतीत अडकले आहे, आणि एखाद्या शब्दावर हक्क सांगणार नाही अशी अट घातली आहे का, हे पाहायचे. शंभर अर्जांत तोच सामान्य शब्द शंभर मालकांकडे दिसला, तर तो धोक्याचा नाही, दिलाशाचा पुरावा आहे. मात्र नोंदणी नसलेल्या पण नावाजलेल्या चिन्हालाही संरक्षण असल्याने त्या व्यवसायातला बाजार स्वतः चाळून पाहण्याला पर्याय नसतो.

इतके करूनही तक्रार आलीच, तर आयकॅनच्या धोरणाखाली उत्तर द्यायला 20 दिवस मिळतात. त्या मुदतीत शब्दाच्या अर्थाशी जुळणारा वापर दाखवणारी कागदपत्रे कामी येतात: संकेतस्थळाच्या जुन्या प्रती, व्यवसायाचा आराखडा, मालाची बिले, कारागिराला दिलेली ऑर्डर. तक्रारीनंतर घाईने उभारलेले पान फारसे उपयोगी पडत नाही. शब्द सामान्य आहे हे ठाऊक असूनही तक्रारदाराने केवळ डोमेन हिसकावण्यासाठी प्रकरण उभे केले असेल, तर तसा निष्कर्ष नोंदवण्याची विनंती करता येते, आणि लवादांनी तो अनेकदा नोंदवलाही आहे. निकाल विरुद्ध गेला, तर नाव हस्तांतरित होण्याआधी कामकाजाचे दहा दिवस असतात. तेवढ्यात सक्षम न्यायालयात दावा दाखल झाल्याचे कागद रजिस्ट्रारकडे पोहोचले, तर हस्तांतर थांबते आणि वाद तिथून पुढे न्यायालयात चालतो.